पत्र्यावरची लढाऊ विमानं

महायुद्धातल्या लढाऊ विमानांची धातूच्या पत्र्यावर छापलेली चित्रं आता दिवाणखान्यात आणि मुलांच्या खोलीत दिसतात. चित्र देखणं असतं. पण त्यामागची गोष्ट त्याच्याबरोबर घरी येत नाही. त्या गोष्टीत स्वयंपाकघरातली पातेली आहेत, संस्थानिकांचे खजिने आहेत आणि आपली माणसंही आहेत.

घरातली भिंत अगदीच मोकळी ठेवणं आपल्याकडे फारसं कुणाला रुचत नाही. एके काळी तिथं रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती असायची. मग कॅलेंडरं आली, निसर्गदृश्यं आली, सिनेतारकांची आणि क्रिकेटपटूंची पोस्टर्स आली. आता या रांगेत आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे. पातळसा धातूचा पत्रा, त्यावर ढगांतून झेपावणारं स्पिटफायर, नाकावर शार्कचे दात रंगवलेलं पी-४० किंवा उन्हात चकाकणारं चंदेरी मुस्टँग. वर काच नाही, भोवती लाकडी चौकट नाही. मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यायला चांगलं, घरमालकाच्या अभ्यासिकेत लावायलाही चांगलं.

खरं तर ही विमानं रणांगणावरून निवृत्त झाली त्याला कित्येक दशकं लोटली. स्पिटफायरनं पहिलं उड्डाण केलं ५ मार्च १९३६ रोजी. त्याचा आराखडा करणारा आर. जे. मिचेल पुढच्याच वर्षी वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारला. आपलं विमान युद्धात काय करून दाखवतं हे त्याला पाहायलाच मिळालं नाही. पुढं या विमानाच्या वीस हजारांहून जास्त प्रती बनल्या. मग जेटचं युग आलं आणि पंख्याची लढाऊ विमानं मागं पडली. भिंतीवर मात्र ती टिकून आहेत. कारण उघड आहे. त्यांचा आकार डोळ्यांना सुखावतो, आणि काचेच्या छोट्या घुमटाखाली बसलेला एकटा वैमानिक पाहणाऱ्याच्या मनात घर करतो.

पण हे चित्र घरात लावणाऱ्यानं एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. हे विमान कुणी बनवलं, कुणाच्या पैशानं बनलं आणि त्यात बसून कोण लढलं? उत्तरं शोधू लागलं की भिंतीवरचं हे परकं विमान हळूहळू ओळखीचं वाटू लागतं.

पातेल्यांची विमानं

स्पिटफायरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि ब्रिटन एकटा उरला, तेव्हा विमान उत्पादन खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी देशातल्या गृहिणींना साद घातली. तुमच्याकडची ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची विमानं करू, असा त्या आवाहनाचा आशय होता. जुलै महिन्यात घराघरातून पातेली, किटल्या, तवे, साचे बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी भांड्यांचे ढीग लागले.

गोळा करण्याचं काम अंगावर घेतलं महिलांच्या स्वयंसेवी संघटनेनं. तिच्या संस्थापक होत्या लेडी रीडिंग. त्यांचे पती लॉर्ड रीडिंग म्हणजे १९२१ ते १९२६ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले गृहस्थ. लेडी रीडिंग यांनी रेडिओवरून बायकांना हाक दिली आणि बायकांनी ती उचलून धरली.

या भांड्यांतून प्रत्यक्षात किती विमानं झाली याबद्दल इतिहासकार फारसे उत्साही नाहीत. विमानाला लागणारा धातू वेगळ्या दर्जाचा असतो, आणि भांड्यांच्या भंगाराचा उपयोग मर्यादितच होता. पण डोक्यावरून घोंघावत जाणाऱ्या विमानात आपल्या घरच्या पातेल्याचाही तुकडा असेल, या विचारानं लोकांना धीर आला. युद्धात धीर हीसुद्धा एक सामग्रीच असते.

युद्ध संपल्यावर हे चक्र उलटं फिरलं. हजारो विमानं भंगारात निघाली. त्यांचा धातू वितळवून पुन्हा भांडी झाली. विमानांच्या कारखान्यांनी बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांसाठी ॲल्युमिनियमची तयार घरं बनवली. आज त्याच धातूच्या पत्र्यावर त्या विमानांचं चित्र छापलं जातं.

निजामाची पगडी, म्हैसूरचा गंडभेरुंड

भांड्यांच्या जोडीला पैसाही लागत होता. ब्रिटनमध्ये ‘स्पिटफायर फंड’ निघाले. पाच हजार पौंड भरा आणि एका विमानावर आपलं नाव रंगवून घ्या, अशी योजना होती. विमानाचा खरा खर्च याच्या दुपटीहून जास्त होता. पण लोकांना डोळ्यांपुढं ठेवायला एक गोल आकडा हवा होता. गावांनी, कारखान्यांनी, शाळांनी वर्गणी काढली. साम्राज्यातल्या देशांकडूनही पैसा आला आणि त्यात भारताचा वाटा लहान नव्हता.

म्हणूनच ब्रिटिश हवाई दलाच्या यादीत आपल्या ओळखीची नावं भेटतात. १२२ वी स्क्वाड्रन ‘बॉम्बे’, १३२ वी ‘सिटी ऑफ बॉम्बे’, १२४ वी ‘बडोदा’, १२९ वी ‘म्हैसूर’, १५२ वी ‘हैदराबाद’. या पाचही पथकांनी स्पिटफायर उडवलं. म्हैसूर पथकाच्या बोधचिन्हावर दोन तोंडांचा गंडभेरुंड होता. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला दिसतो, तोच हा पक्षी. हैदराबाद पथकाच्या चिन्हावर चक्क निजामाची पगडी होती. ही पगडी मिरवणारं पथक १९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी लढलं आणि पुढं ब्रह्मदेशच्या आघाडीवरही आलं.

निजामाच्या राज्यात तेव्हा औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा सारा मराठवाडा होता. बडोद्याच्या गादीवर गायकवाड होते. संस्थानिकांचा खजिना म्हणजे शेवटी रयतेचा सारा. त्यामुळं इंग्लिश खाडीवर उडणाऱ्या विमानांमध्ये कुठंतरी परभणीच्या कापूस पिकवणाऱ्याचा घामही होता, असं म्हटलं तर ते चूक नाही. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

एका चकतीची करामत

लढाऊ विमानांच्या चित्रात बाई सहसा दिसत नाही. पण स्पिटफायर आणि हरिकेन यांचा एक मोठा दोष दूर केला तो बिॲट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईंनी. या दोन्ही विमानांत रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन असे. विमानाचं नाक एकदम खाली दाबून सूर मारला की इंजिनाचा इंधनपुरवठा बिघडे आणि ते आचके देऊन क्षणभर बंद पडे. जर्मन विमानांच्या इंजिनात इंधन दाबानं आत सोडलं जाई. त्यामुळं शत्रू बिनधास्त सूर मारून निसटायचा आणि इंग्रज वैमानिक मागं राहायचा.

शिलिंगबाईंनी यावर शोधलेला उपाय अगदी साधा होता. बरोबर मापाचं छिद्र असलेली धातूची एक छोटी चकती त्यांनी इंधनाच्या वाटेत बसवली. जादा इंधन आत उसळायचं थांबलं. १९४१ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी विमानतळा-विमानतळांवर जाऊन या चकत्या बसवत होते. कायमचा इलाज पुढं नव्या कार्बोरेटरनं झाला. पण मधल्या काळात या चकतीनं अनेकांचे प्राण वाचवले.

कारखान्यातून तयार झालेली विमानं लष्करी तळावर पोहोचवणाऱ्या वैमानिकांमध्येही दीडशेहून जास्त स्त्रिया होत्या. रेडिओ नाही, तोफा भरलेल्या नाहीत, अशा विमानातून नकाशा आणि डोळे यांच्या भरवशावर त्या जात. १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला.

शार्कचे दात कुठून आले?

पत्र्यावरच्या चित्रांमध्ये मुलांचं सर्वात लाडकं विमान बहुधा शार्कच्या तोंडाचं पी-४० असतं. हे रंगकाम प्रसिद्ध केलं ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन स्वयंसेवकांच्या पथकानं. जपान्यांविरुद्ध चीनच्या बाजूनं लढायला आलेल्या या पथकाचं प्रशिक्षण ब्रह्मदेशात टांगू इथं झालं आणि २० डिसेंबर १९४१ रोजी चीनमधल्या कुनमिंगवर त्यांची पहिली लढाई झाली.

दातांची कल्पना मात्र त्यांची स्वतःची नव्हती. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ११२ व्या ब्रिटिश स्क्वाड्रनच्या विमानाचं चित्र त्यांनी एका सचित्र साप्ताहिकात पाहिलं आणि ते आपल्या विमानांवर उतरवलं. ते साप्ताहिक भारतातून निघणारं होतं, असं पथकातल्या वैमानिकांच्या आठवणींमध्ये येतं. ब्रिटिशांनी तरी ही कल्पना आणली कुठून? तर जर्मन विमानांवरून! शत्रूच्या विमानावरचं चित्र असं हातोहाती तीन सैन्यांमधून फिरलं.

या पथकाचा एक धागा सोलापूरपर्यंत जातो. पथकाची भरती ज्या कंपनीच्या नावानं झाली, तिचे चालक विल्यम पॉली हे अमेरिकन उद्योजक होते. याच पॉलींच्या तांत्रिक साहाय्यानं सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. १९४१ मध्ये तिथून पहिलं प्रशिक्षण विमान बाहेर पडलं आणि १९४२ मध्ये पहिलं हॉक लढाऊ विमान उडालं. हॉक म्हणजे त्या शार्कमुखी पी-४० चाच थोरला भाऊ. त्याच वर्षी सरकारनं कारखान्याचा ताबा घेतला आणि पुढं तिथं अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचं काम चाललं. आजचं ‘एचएएल’ ते हेच.

आपले वैमानिक

पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानंही पत्र्यावर मिळतात. त्यातलं एस. ई. ५ए हे विमान दिसलं तर इंद्रलाल रॉय हे नाव आठवावं. कलकत्त्यात जन्मलेल्या या मुलानं जुलै १९१८ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळवले. २२ जुलैला तो फ्रान्सच्या आकाशात मारला गेला, तेव्हा त्याचं वय होतं १९. आपल्या चित्रांच्या विषयाशी त्याचं आणखी एक नातं आहे. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता. जखमी होऊन पडून असताना त्यानं विमानांची कितीतरी रेखाटनं केली आणि त्यातली बरीच आजही शिल्लक आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं.

दुसऱ्या महायुद्धात हे नातं अधिक घट्ट झालं. १९४० मध्ये भारतातून २४ वैमानिक ब्रिटनला पोहोचले. त्यातले महिंदरसिंग पुजी पगडी बांधूनच हरिकेनच्या कॉकपिटमध्ये बसत. इंग्लंडमधल्या ग्रेव्हझेंड या गावी २०१४ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. करुण कृष्ण मजुमदार यांनी १९४४ मध्ये फ्रान्सवर मुस्टँग उडवलं. अर्जनसिंग यांनी त्याच वर्षी इंफाळच्या लढाईत हरिकेनच्या पथकाचं नेतृत्व केलं. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मूळगावकर १९४० मध्ये हवाई दलात दाखल झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि पुढं १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय पथकांचं मुख्य वाहन होतं हरिकेन. हे विमान स्पिटफायरइतकं देखणं नाही. त्याच्या मागच्या भागावर तर धातूचा पत्राही नव्हता. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं, रोगण दिलेलं कापड होतं ते. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायला तयार! १९४० मध्ये ब्रिटनच्या बचावात सर्वात जास्त शत्रुविमानं पाडली ती या हरिकेननंच. पण भिंतीवरचा मान मिळाला स्पिटफायरला. राबणाऱ्यापेक्षा देखण्याचा फोटो आधी लागतो, हे विमानांनाही चुकलं नाही.

आकाशाची दुसरी बाजू

इथं एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही विमानं शस्त्रं होती आणि ती साम्राज्याची शस्त्रं होती. हे युद्ध भारताच्या वतीनं भारतीयांना न विचारता जाहीर झालं होतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पंडित नेहरूंसह काँग्रेसचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले. त्या आंदोलनात बिहारमध्ये जमावांवर लष्करी विमानांमधून मशीनगन चालवण्यात आल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. ब्रह्मदेशात लढणारा भारतीय वैमानिक एका बाजूनं जपानी आक्रमण थोपवत होता आणि दुसऱ्या बाजूनं परक्याच्या झेंड्याखाली लढत होता. ही ओढाताण त्या पिढीनं सोसली.

पाचच वर्षांत चित्र पालटलं. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस काश्मीरवर टोळीवाल्यांचं आक्रमण झालं, तेव्हा श्रीनगरच्या धावपट्टीवर स्पिटफायर उतरली ती स्वतंत्र भारताची. ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत त्यांनी जमिनीवरच्या जवानांना साथ दिली. टेंपेस्ट विमानंही या मोहिमेत होती. याच काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीबद्दल मूळगावकरांना महावीरचक्र मिळालं. यंत्र तेच होतं. बदललं होतं ते त्याच्यावरचं चिन्ह आणि त्याला हुकूम देणारा.

कापराची युक्ती

आता चित्राविषयी. पत्र्यावरच्या चित्रांचे ढोबळ मानानं दोन प्रकार असतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे पोलादी पत्र्यावर छपाई. जुन्या बिस्किटांच्या डब्यांवर किंवा वाण्याच्या दुकानातल्या जाहिरातींवर असायची तशीच. कधी विमानाचा आकार दाबून उठावदार केलेला असतो, कधी मुद्दाम गंजाचे डाग छापून चित्र ‘जुनं’ केलेलं असतं.

महाग प्रकार ॲल्युमिनियमचा. त्याची युक्ती समजायला देवघरातला कापूर आठवावा. कापूर वितळून पाणी न होता सरळ हवेत उडून जातो. शाळेत याला ‘संप्लवन’ म्हणतात. या छपाईतले रंगही तसेच असतात. चित्र आधी खास कागदावर उलटं छापतात. मग तो कागद, विशिष्ट लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून सुमारे दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेखाली दाबतात. रंगाची वाफ होते, ती लेपात शिरते आणि गार झाल्यावर तिथंच मुरून बसते. रंग पृष्ठभागावर नव्हे तर लेपाच्या आत असल्यामुळं तो खरवडून निघत नाही, पाण्यानं पुसला तरी जात नाही. लेप पारदर्शक असेल तर खालचा धातू चमकतो आणि विमानाचं अंग खरंच धातूचं वाटतं. लेप पांढरा असेल तर रंग कागदावरच्यासारखे स्वच्छ दिसतात.

विकत घेताना

काही गोष्टी पाहूनच असं चित्र घ्यावं. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट, खाऱ्या हवेत पोलादी पत्र्याच्या कडांना गंज धरतो. तिथं ॲल्युमिनियम बरं. मुलांच्या खोलीसाठी घेताना कडा दुमडलेल्या आणि कोपरे गोल आहेत ना, हे बोट फिरवून बघावं. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर कुठलाही रंग हळूहळू फिका होतो. चकचकीत पत्र्यात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. तिथं निस्तेज पृष्ठभागाचं चित्र निवडावं. पुसायला मऊ, ओलसर फडकं पुरे. भांडी घासायची पूड लावली की लेपावर ओरखडे उठलेच.

चित्रातलं विमानही पारखून घ्यावं. हल्ली संगणकाकडून तयार करून घेतलेली चित्रंही बाजारात असतात. त्यात पंख्याची पाती वाकडी, अक्षरं अर्थहीन आणि पंखांचा आकार भलताच असतो. एक सोपी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवरही तांबडा सूर्य होता. गफलत होऊन आपल्याच माणसानं आपल्याच विमानावर गोळी झाडू नये, म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांवरचा तांबडा रंग काढून टाकला गेला आणि फक्त निळ्या छटा उरल्या. तेव्हा १९४४ मधलं इंफाळचं हरिकेन म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रात मध्ये तांबडा ठिपका असेल, तर चित्रकारानं अभ्यास केलेला नाही असं खुशाल समजावं.

खरी विमानं पाहायची असतील तर दिल्लीला पालम इथं भारतीय हवाई दलाचं संग्रहालय आहे. स्पिटफायर, हरिकेन, टेंपेस्ट तिथं जवळून पाहता येतात. भिंतीवर झेपावणारं विमान प्रत्यक्षात किती लहान होतं आणि त्याचं कॉकपिट किती अरुंद, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. मुलांना एकदा तरी दाखवून आणावं.

ते जमेपर्यंत घरातलं चित्र आहेच. त्याच्यामागं पाठीवर एक कागद चिकटवावा आणि विमानाचं नाव, साल, ते उडवणारं पथक आणि त्यातल्या एखाद्या वैमानिकाचं नाव मुलांकडूनच लिहून घ्यावं. ‘इंद्रलाल रॉय, वय १९’ एवढं जरी मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलं, तरी युद्ध हा खेळ नव्हता, हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.